लसणाची बासुंदी

म्हशीच्या तोंडाशी नाक नेऊन तिचा ढेकर हुंगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुर्दैवानं तो उस्मानपुऱ्यात, आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. नाव उत्तमराव. एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि कुणालाही न विचारता शास्त्रज्ञ झाले.

म्हैस चितेगावला, त्यांच्या शेतात. तिचं नाव राणी. दुभती आहे, पण वय झालेलं, हाडं वर आलेली. गेल्या वर्षी उत्तमरावांची बायको वारली, तेव्हापासून राणीनं चाराच टाकला. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हिचा नाद सोडा. पण उत्तमरावांनी एकच ध्यास घेतला, राणीनं पोटभर खाल्लं पाहिजे. घ्यायचा तर घ्या ध्यास, आमच्या नाकाला का शिक्षा?

शहागंजातून पिशव्या भरभरून ओवा, मेथी, सुंठ, शतावरी आणायची आणि घरी कुकरमध्ये अर्क काढायचा. आमच्याकडे साधा वरणभात असला तरी वास म्हशीच्या काढ्याचा. तक्रार केली की उत्तर ठरलेलं.

"खालिस वनस्पती हाय सर! केमिकल बिलकुल नाय."

मी शाळेत शिकवतो म्हणून मला 'सर'. वनस्पती असली की तिला वाटेल तसा वास मारायची मुभा असते, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं.

अर्क पेंडीत कालवून राणीला चारायचा आणि मग ढेकराची वाट बघत बसायचं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरानं हवा बिघडते, असं त्यांनी मोबाईलवर ऐकलं होतं; त्यावरून ढेकर हलका झाला की भूक लागणार, हा शोध त्यांचा स्वतःचा. "लई फरक पडलाय सर, ढेकर एकदम हलका झालाय!" हा अहवाल मला सकाळी चहाच्या वेळी मिळायचा. एवढं होऊन राणी दोन दिवस खायची आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवायची. उत्तमराव पुन्हा शहागंजात.

गेल्या महिन्यात गाडी लसणावर आली. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता. "बासुंदीचं दूध माझ्याकडून," म्हणत त्यांनी चार दिवस फ्रीजमध्ये जमवलेलं दूध आणून ठेवलं. भिडेपोटी बायको हो म्हणाली. दूध आटत गेलं तसा लसणाचा वास चढत गेला, पण सवयीप्रमाणे आम्हाला वाटलं, खालून येतोय. आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

व्याह्यांनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि फार अदबीनं विचारलं, "बासुंदीला फोडणी दिलीय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक स्कूटर काढली आणि चितेगाव गाठलं. वाटेत काय काय सुनावायचं ते घोकत गेलो. गोठ्यात हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पाठमोरी बसली होती.

"उत्तमराव आहेत का?"

बाईनं वळून पाहिलं. तिला चांगल्या भरघोस मिशा होत्या.

"हळू बोला सर. खाऊ लागलीय ती."

मला हसू आवरेना. पण राणी त्या पदरात नाक खुपसून त्यांच्या हातातली पेंड खात होती, आणि उत्तमराव जागचे हलत नव्हते. अर्काची बाटली खिडकीत तशीच भरलेली होती.

"मंडळीच चारायची हिला. तिचं लुगडं नेसलं तरच पोटभर खाते."

"मग अर्काचा एवढा खटाटोप कशाला?"

"लुगड्याला तिचा वास हाय, तोवर ठीक हाय. एकदाबी धुतलं नाय मी. पण आता वास जाऊ लागलाय सर. तो गेल्यावर ही कशावर खाईल? त्याच्या आधी काहीतरी सापडाया पाहिजे."

मला माझी लाज वाटली. बासुंदीचा विषय मी तिथंच सोडला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वहिनींचं दुसरं लुगडं नाही का?"

"हाय की एक." त्यांनी पदर पुढं ओढला. "ते मी उशाला घेतो."