रिकाम्या तंबूचा मालक

दोष माझ्या बापाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला मधूनमधून वाटेल की दोष माझाच आहे, आणि तसं वाटणाऱ्यांची आमच्या गावात आधीच बरीच गर्दी झाली आहे.

बापाचं नाव वर्ल टॉलेफसन. आयुष्यभर प्लायवूडच्या कारखान्यात काम केलं आणि रिटायर झाला. रिटायर झालेल्या माणसाने गुपचूप गळ टाकून बसावं. ओरेगनच्या किनाऱ्यावर समुद्र त्यासाठीच ठेवला आहे. पण ह्याने जंगल खात्यात जाऊन स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. खात्याने त्याला एक नारिंगी जाकीट आणि एक वॉकीटॉकी दिला. तेव्हापासून हा माणूस अंघोळीला जातानासुद्धा जाकीट दाराबाहेर, लोकांना दिसेल असं टांगतो. मी कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाला होता, "फुकट गेलास." आता स्वतः फुकट राबतो, ते चालतं.

काम काय, तर जंगलात लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू उचलायच्या. आमच्या बाजूला डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सगळं सरकारी जंगल आहे. त्यात कुठेही तंबू ठोका, कोणी पैसा मागत नाही. पाणी नाही, संडास नाही, टेबल नाही. खुरपं घेऊन जायचं, खड्डा करायचा, बसायचं, बुजवायचं. नियम दोन. फार दिवस मुक्काम ठोकायचा नाही, आणि तंबू रिकामा सोडून जायचं नाही. एक अख्खा दिवस तंबूत कोणी फिरकलं नाही, की तो तंबू नाही, कचरा. तिसरा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तोच खरा: आपली जागा कुणाला सांगायची नाही. आमच्याकडचा माणूस बायकोला एक वेळ पगार सांगेल, जागा सांगणार नाही. (मेलेल्या नवऱ्याची जागा हुडकत दर उन्हाळ्यात जंगलात फिरणारी एक बाई मला माहीत आहे. तो गेला त्याचं तिला एवढं वाईट वाटलेलं नाही.)

माझीही एक जागा होती. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला, पूर्वी जिथे ओंडके रचायचे तिथे. तीन बाजूंना स्प्रूसची झाडं आणि चौथीला पॅसिफिक. मी बावीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला, राहायला बापाच्या गॅरेजच्या माळ्यावर. जगात माझी म्हणावी अशी ती एकच गोष्ट. (कायद्याने तीही नाही.)

आणि त्या जागेवर मला ऑड्राला न्यायचं होतं.

ऑड्रा गावातल्या कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्यांच्या, दुकानात काम करायची. आमचं वर्षभर चाललं होतं. मध्येच तिला वर, वॉशिंग्टन राज्यातल्या बेटांवर नोकरी आली. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी संपली की सोमवारी हो की नाही सांगायचं होतं. मला तिला 'राहा' म्हणायचं होतं. टायरच्या दुकानात ग्रीसचे हात पुसत 'जाऊ नकोस' म्हटलं तर कुठलीही शहाणी मुलगी जरा जास्तच वेगाने जाईल. म्हणून जागा.

"शुक्रवारी तुला एका ठिकाणी नेतो," मी म्हणालो. "तिथे आजवर कुणाला नेलं नाही."

"अय्या, खरंच?" तिचा चेहरा उजळला. "मग ब्रायसलाही नेऊ या का? बिचाऱ्याला सुट्टीत कुठेच जागा मिळत नाहीये."

ब्रायस म्हणजे त्यांच्या दुकानातला नवा गाइड. पोर्टलँडचा, मोठ्या शहरातला. त्याला बिचारा म्हणणं म्हणजे देवमाशाला भिजलास का विचारणं. त्याच्या गाडीच्या टपावर एक तंबू आहे. बटण दाबलं की तो आपोआप उघडतो. त्याच्याकडे कॉफी दळायचं हातातलं यंत्र आहे, आणि तो दळतो तेव्हा दंडाची शीर दिसते. दात असे, की धुक्यात गाडी चालवताना त्याने नुसतं हसावं, दिवे लावायची गरज नाही. त्यालाही त्याच बेटांवर जायचं होतं, हे मला ऑड्राकडून कळलं. सहज. पिझ्झा खाताना. मी त्या घासावर अजून गुदमरतो आहे.

पण नाही म्हणता येईना. मी मत्सरी नाही असं मी तिला सांगून ठेवलं होतं. (असल्या गोष्टी कधी सांगून ठेवू नयेत.)

त्याच पिझ्झ्याच्या टेबलावर मी आणखी एक घोळ घातला. विषय निघाला सुट्टीतल्या गर्दीचा. शहरातून लोक आधीच येतात, रिकामा तंबू ठोकून जागा धरतात आणि घरी जाऊन झोपतात. मी तापलो. म्हणालो, असल्या लोकांना त्यांच्याच तंबूत गुंडाळून भरतीच्या वेळी समुद्रात सोडलं पाहिजे. मी आमच्या पिढीवर बोललो, जमिनीवर बोललो, टेबलावर मूठ आपटली. ऑड्रा माझ्याकडे बघतच राहिली.

"केड," ती म्हणाली, "तू कशाच्या तरी बाजूने बोलताना मी पहिल्यांदा बघतेय. आवडलं मला."

आणि बुधवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी माझ्या जागेवर जाऊन रिकामा तंबू ठोकला.

काय करणार? सुट्टी म्हणजे सगळं पोर्टलँड अंगावर येणार. शुक्रवारी पाचपर्यंत दुकान. तोवर जागा राहील? ती तर माझीच जागा होती. स्वतःच्या घराला कुलूप लावणं म्हणजे जागा अडवणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. तंबू कुणीतरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणला होता. बापाला दाखवला नव्हता. दाखवला असता तर त्याने त्याच्यातले दोष सांगितले असते, मग माझ्यातले. आत सगळं लावून ठेवलं. नव्या अभ्र्यांच्या दोन उशा, बॅटरीवरच्या दिव्यांची माळ, स्वस्तातली फसफसणारी वाइन, आणि तिला आवडतो म्हणून हक्लबेरीचा मुरंबा. ब्रायसची गाडी पार खाली झाडीत लावायची, असं मनात पक्कं केलं. शक्यतो चिखलात.

शुक्रवारी हायवेच्या वळणावर पोचलो. तिथेच भेटायचं ठरलं होतं. तिथे फोनला रेंज येते. ऑड्राचा निरोप आला होता: 'आम्ही लवकर आलो. तुझ्या बाबांनी कसली भारी जागा मिळवून दिली! रस्त्याच्या टोकाला ये.'

पिकअप खड्ड्यांतून आपटत वर नेली.

माझा तंबू होता तिथे ब्रायसची गाडी उभी होती. टपावरचा तंबू उघडलेला, खिडक्या समुद्राकडे. ब्रायस कॉफी दळत होता. शीर दिसत होती. बाप घडीच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता आणि धुकं उतरलं म्हणून त्याचं नारिंगी जाकीट ऑड्राच्या खांद्यावर होतं. ती त्याच्या कुठल्या तरी विनोदावर खिदळत होती. बापाकडे विनोद एकूण चार आहेत. मी ते लहानपणापासून सोसतो आहे.

"ये लेका!" बाप ओरडला. "बघ, काय जागा काढली तुमच्यासाठी!"

"कशी काय... मिळाली?"

"एक हलकट रिकामा तंबू ठोकून बसला होता. म्हणजे बसला नव्हता, तीच तर भानगड. काल सकाळी पाहिला, आज दुपारी पाहिला, चिटपाखरू नाही. उपटला! परत जाताना खाली वळणावर ही दोघं भेटली. म्हटलं, चला पोरांनो, ताजी मोकळी झालीय."

बाजूला माझा तंबू फाशीवरून उतरवलेल्या माणसासारखा पडला होता.

"केड, आता बोल," ऑड्रा म्हणाली. "वर्ल, तुम्ही ऐकाच. असल्या लोकांवर काय बोलतो हा!"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"वाईट आहे," मी म्हणालो.

"एवढंच? त्या दिवशी तर समुद्रात सोडणार होतास!"

"हो. सोडायला पाहिजे."

"कसल्या लायकीचा माणूस असेल?" बापाने हौसेने विचारलं.

बोललो. काय करतो? म्हणालो, आपमतलबी असेल. लबाड असेल. म्हणालो, ज्याला जंगलाची लाज नाही त्याला माणसांची काय असणार. ब्रायस म्हणाला, "भारी बोलतोस रे भावा," तेव्हा चेव येऊन मी त्या माणसाच्या घराण्यावर घसरलो.

"बापाने वळण लावलं नसणार," बाप म्हणाला.

"ते तर दिसतंच आहे," मी म्हणालो. (संध्याकाळभरात मला मनापासून पटलेलं ते एकच वाक्य.)

मग बाप सामान उपसायला लागला. आधी उशा निघाल्या, मग दिव्यांची माळ.

"आरास बघा आरास!" बाप म्हणाला. "घटस्फोट झालेला कुणीतरी असणार."

ऑड्राने मुरंब्याची बरणी उचलली. हसायची थांबली.

"हक्लबेरी," ती हळूच म्हणाली. "दोन उशा... आज इथे, आपण येणार त्याच दिवशी..." आणि तिने मान वळवली. माझ्याकडे नाही. "ब्रायस, हे तू केलंस?"

आता ब्रायसने 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. ब्रायसने कॉफीचा घोट घेतला, समुद्राकडे पाहिलं आणि हसला.

"काही गोष्टी बोलायच्या नसतात, ऑड्रा."

माझ्या डोक्यात टायर फुटला.

"त्याने नियम मोडलाय ना पण!" मी ओरडलो. "जागा अडवली ना!"

"हो रे, पण कशासाठी अडवली बघ ना," ऑड्रा म्हणाली. तिचा आवाज असा मऊ मी वर्षभरात ऐकला नव्हता. "माझ्यासाठी कुणी एवढं कधी केलं नाही."

"मी केलं! ते माझं आहे! सगळं माझं आहे!"

बाप इतका हसला की खुर्चीसकट कलंडला.

"तुझं? अरे, स्वतःच्या अंथरुणाची चादर बदलायला तुला ऋतू लागतो!"

"केड, हे बरं नाही," ऑड्रा म्हणाली. "आत्ता त्या माणसाला शिव्या घालत होतास, आणि आता त्याचं श्रेय घेतोस?"

"डाव्या उशीच्या अभ्र्यात हात घाल," मी म्हणालो. "मोजे आहेत. करडे, लोकरीचे. तुझे पाय गार पडतात म्हणून ठेवलेत."

तिने हात घातला. मोजे निघाले. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि एक क्षण, खरंच सांगतो, ब्रायसचे दात विझले. त्या क्षणात सगळं जमलं असतं. पण बाप जमिनीवरून उठला.

"हे माझे मोजे आहेत! नाताळपासून शोधतोय मी!" मोजे छातीशी धरून तो म्हणाला. "म्हणजे हा तंबू खरंच ह्याचा!"

त्याने ऑड्राच्या खांद्यावरून जाकीट काढून घेतलं, अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वॉकीटॉकी तोंडाला लावला.

"बाबा, काय करताय?"

"जाकीट घातलं की मी बाबा नाही." आणि यंत्रात: "रिकाम्या तंबूचा मालक सापडला. हो, इथेच आहे. आडनाव टॉलेफसन. अहो नाही, टॉलेफसन मी बोलतोय. हा दुसरा."

"मी कुठे म्हटलं माझं आहे?" ब्रायस पुटपुटला आणि कपभर कॉफी घेऊन शिडीने टपावर चढला. त्याने बटण दाबलं. खिडकी आपोआप मिटली.

ऑड्रा बरणी घेऊन उभी होती.

"मला इथे कशाला बोलावलं होतंस, केड?"

"राहा म्हणायला. बेटांवर जाऊ नकोस म्हणायला."

"राहिले असते," ती म्हणाली. "तू येताक्षणी म्हणाला असतास ना, की हा तंबू माझा आहे, चूक झाली, तर मी इथेच बसून तो मुरंबा संपवला असता."

"अगं, मग आता काय झालं?"

"आता त्या माणसाबद्दल तू जे जे बोललास, ते सगळं मला पटलंय."

फार चांगलं बोललो होतो मी.

तिने बरणी माझ्या पिकअपच्या बॉनेटवर ठेवली आणि खाली चालत निघाली. बापाने तिला वाटेत गाडीने गाठून घरापर्यंत सोडलं. जाताना त्याने तिला दुसरा विनोद सांगितला असणार, कारण वळणावरून हसण्याचा आवाज आला.

सोमवारी तिने होकार कळवला आणि ऑगस्टमध्ये ती बेटांवर गेली. ब्रायस गेला नाही. त्याला त्या लोकांनी घेतलंच नाही. म्हणजे मी ज्याच्यावर जळत होतो, तो शर्यतीत नव्हताच. तो पंधरवडाभर माझ्या जागेवर राहिला आणि तिथल्या सूर्यास्ताचा फोटो नकाशावरच्या खुणेसकट इंटरनेटवर टाकला. आता शनिवारी तिथे गाडी वळवायला जागा मिळत नाही. खात्याने मला त्या वर्षापुरतं जंगलात मुक्काम करायला बंदी घातली आणि तंबू परत दिला. तो उपटताना त्याची मधली दांडी मोडली होती.

तर माझं गेलं ते एवढं: ऑड्रा, ती जागा आणि तंबूची मधली दांडी. दांडी आता कुठे मिळत नाही.