ई-वनवाले देगलूरकर सर

काचीगुड्यातल्या एका लग्नात वरपित्याने हात पुढे केला, तर देगलूरकर सरांनी आपला दिला नाही. त्यांच्या उजव्या हातात लाडू होता. "थांबा की जरा," ते म्हणाले, "आत्ता मी एन्झाइम आहे."

बरकतपुऱ्यात सर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. प्रयोगशाळेतल्या नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं ते एकाच एन्झाइमच्या मागे होते. निवृत्त झाले, तरी ते सुटलं नाही. पेशीतल्या निकामी प्रथिनांना युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटते आणि मग त्यांची मोडतोड होते, एवढं आता मीही झोपेत सांगेन. पण ती चिठ्ठी आपली आपण चिकटत नाही. ऊर्जा खर्चून तिला आधी तयार करावं लागतं. ते काम ई-वनचं, म्हणजे सरांच्या एन्झाइमचं.

मांडवातच प्रयोग सुरू झाला. "उजवीकडे ही चिठ्ठी तयार झाली. आता डावीकडे पक्की धरली." लाडू डाव्या हातात गेला, उजव्यात दुसरा आला. "दोन्ही जागा भरल्या, की ई-टू येतो. वहिनी, तुम्ही ई-टू. घ्या डावीकडचा." मी घेतला. "आता ई-थ्री तुम्हाला गिऱ्हाईक, म्हणजे निकामी प्रथिन, दाखवील." ई-थ्री म्हणून नेमलेले वरपिता तोवर पंगतीकडे सटकले होते.

"ई-थ्री शेकड्यांनी, नाव त्यांचंच. माझे बिचारे एक-दोनच. हौ की नाही?" असं ते भाजीवाल्या यादम्मालाही विचारतात. ती "हौ सारू" म्हणते आणि मूठभर कोथिंबीर जास्त घालते, म्हणजे सर लवकर जातील.

गेल्या वर्षी माझी मुलगी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. सर रोज सकाळी वर येऊ लागले. दारातूनच एक प्रश्न, "मान धरली?" नाही म्हटलं, की जिना उतरून जायचे. महिन्याच्या बाळाने मान कशी धरावी? मुलगी रडकुंडीला आली. "आई, त्यांना येऊ नक्को म्हण. मला भीती वाटायला लागलीये."

मी खाली गेले. सर फिरायला गेले होते. त्यांच्या बायकोने, सुधाताईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या मुलानं मान धरलीच नाही हो," त्या म्हणाल्या. "हातपाय लुळे. आठ महिन्यांचा असताना गेला. डॉक्टरांना आजाराचं नाव सांगता येईना. पुष्कळ वर्षांनी ह्यांनी वाचलं, की असल्या एका आजारात ई-वनच्या जीनमध्ये खोट असते. आमच्याचं तेच होतं का, ते कळायला आता मार्ग नव्हता. तेव्हापासनं ह्यांनी दुसरं काम हाती घेतलं नाही."



"तो आजार आईकडून येतो मुलाला," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गावाला ई-वन सांगत फिरतात, पण एवढं मला कधी बोलले नाहीत. मी त्यांच्या कागदांत वाचलंय. मला माहीत आहे, हे तुम्ही त्यांना सांगू नका."

तिसऱ्या महिन्यात बाळाने मान धरली. सांगायला मी स्वतःच गेले. दार सरांनी उघडलं. ऐकून त्यांनी आत वळून हाक मारली, "सुधा, चल, वर जाऊन येऊ."

मुलीने बाळ सरांपुढे धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, सुधाताईंना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आधी हिच्याकडे द्या."