हनुवटीवरचा तीळ

अविधवा नवमीच्या सकाळी महादेवराव बायकोच्या फोटोला हार घालायला गेले आणि तिथूनच ओरडले, "सूनबाई! तीळ कुठी गेला?"

पुष्पलता पिठाच्या हातांनीच धावत आली. "कोणता तीळ, मामाजी?"

"मनकर्णेचा! हनुवटीवरचा! काय केलं वं तुनं?"

बिचारीनं काय करावं? पित्रांच्या पानावर जेवायला माणसं येणार म्हणून फोटोची काच राखेनं घासली, एवढंच. सदर बाजारातल्या फोटोवाल्याकडे काढलेला मनकर्णाबाईंचा हा एकुलता एक फोटो. त्या गेल्यापासून आठ वर्षं महादेवरावांनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. बाईंना गूळ फार आवडायचा. म्हणून रोज ते फोटोपुढे खडा ठेवायचे, तिळाला बोट लावायचे आणि मगच कचेरीत जायचे. गुळावर माशा यायच्या. आता माशी ती माशी! जिथं खाते तिथंच उरकते, फोटो कुणाचा हे थोडंच बघते?

"ते माशांचे ठिपके होते जी," पुष्पलता पुटपुटली.

"बाकीचे माशांचे. तो तीळ होता!"

पित्रांच्या दिवशी कटकट नको म्हणून तिनं काजळाची डबी आणली आणि काचेवर ठिपका दिला.

"डावीकडं घे. अवं, एवढा मोठा? थोडा खाली. आता तर दाढीच वाटून राहिली!"

तीनदा पुसून झालं. चुलीवर वडे करपले. तेवढ्यात कुहीहून मनकर्णाबाईंची धाकटी बहीण पंचफुला आली आणि दारातच थबकली.

"माह्या बहिणीच्या तोंडाले हे काय फासलं?"

"तीळ," महादेवराव म्हणाले.

"कोणाचा? भाऊजी, एका गोधडीत झोपलो आम्ही. तिले तीळ नव्हता जी."

पंचफुलानं पदरानं काजळ पुसलं. स्वच्छ काचेतल्या बाईकडे महादेवराव परक्यासारखे पाहत राहिले.

"डोळे मिटले का मले तेवढा तीळच दिसते," ते हळूच म्हणाले. "बाकीचा चेहरा कधीचाच गेला, पंचफुलाबाई."

पुष्पलतानं गुळाचा खडा ठेवला. लगेच एक माशी आली, खड्यावर बसली, मग काचेवर चढली. पुष्पलतानं तिला हाकलायला पदर उचलला.

"राहू दे वं," महादेवरावांनी तिचा हात धरला. माशी बाईंच्या गालावर होती. ते वाकून अगदी अजिजीनं म्हणाले, "थोडी खाली सरक माय. थोडी खाली."