शांताक्का आणि वाढीव मुक्काम

शांताक्का कुणाशीही बोलताना तीन मिनिटं झाली की थांबत आणि विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" हो म्हटलं तर आणखी तीन मिनिटं बोलणं चाले. समोरचा नुसता गोंधळून बघत राहिला, तर "बरं" म्हणून त्या निघून जात. घड्याळ बघायची त्यांना गरज नव्हती. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीसेक वर्षं ट्रंक ऑपरेटर म्हणून परगावचे कॉल तीन-तीन मिनिटांनी वाढवून देण्यात काढल्यावर ते अंगातच भिनलं होतं. एकदा डॉक्टर त्यांना रक्तदाबाबद्दल समजावत होते. मीठ कमी करा, इथपर्यंत आले आणि अक्कांनी विचारलं, वाढवायचं का. डॉक्टरांना हसू आलं. अक्का उठल्या. मिठानंतर आणखी काय काय कमी करायचं होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

त्या मूळच्या नेसरीच्या, लिंगायत घरातल्या. लग्न केलं नव्हतं. राजारामपुरीत आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. ड्यूटीवरची मराठी साखरेसारखी: "नमस्कार, जोडून देते हं, लाईनवर राहा." आणि घरची नेसरीची, दगडासारखी. फोनवर 'जोडून देते' म्हणणारी बाई घरी आली की आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी 'मी जातो, मी येतो' म्हणायची. चिडल्या की मध्येच एखादा कानडी शब्द यायचा. तो शब्द आला की आम्ही घरात जायचो.

पुढं गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, घरोघरी फोन आले आणि ट्रंक बुक करणारं कुणी उरलं नाही. अक्का निवृत्त झाल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका सकाळी त्या माझ्या ऑफिसात आल्या. मी तेव्हा एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होतो. आमची गिऱ्हाइकं काशीला जाणारी, फार तर नेपाळला. अक्का खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दिलीप, मला युरोपात जायाचं हाय. नदीवरनं, बोटीनं. डॅन्यूब नदी. पासाव ते बुडापेस्ट."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "अक्का, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू बुक कर की. इचारत काय बसलायस."

मी मुंबईच्या एका कंपनीचा पत्ता काढला. तिथून रंगीत पुस्तिका आली, फॉर्म आला. सात रात्री बोटीवर. बोट रोज एका गावाला लागणार, लोकांनी उतरून चार तास गाव बघायचं, संध्याकाळी परत बोटीवर यायचं. अक्कांनी साठवलेलं सगळं त्यांचंच होतं, विचारणारं कुणी नव्हतं. पासपोर्ट झाला. मोठा प्रश्न सुटला असं मला वाटलं.

अडलं ते फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात. बोटीच्या आधी प्राग शहरात दोन रात्री आणि बोट संपल्यावर बुडापेस्टमध्ये तीन रात्री राहायची सोय होती. मुक्काम वाढवणार का, होय की नाही, यावर खूण करायची होती. जिनं जन्मभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला, तिला तो कुणी पहिल्यांदाच विचारला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी 'होय'वर खूण केली. "एवढं लांब जायाचं आणि गाव नुसतं काठावरनं बघून यायचं, हे बरं न्हाय. पावण्याच्या घरी उंबऱ्यावरनं परत फिरल्यागत झालं."

दुसऱ्या दिवशी येऊन ती खोडली. "बुडापेस्टात तीन दिस काय करायचं रं? माझ्या वळखीचं कोन हाय तिथं?"

तिसऱ्या दिवशी प्राग हो, बुडापेस्ट नको. चौथ्या दिवशी उलट. मी मुंबईहून नवा फॉर्म मागवला, कारण जुन्या फॉर्मवर पांढरं काही उरलं नव्हतं. अक्कांनी गल्लीत सगळ्यांना विचारून झालं. दूधवाल्याला विचारलं, फूलवालीला विचारलं. घरी पूजेला येणाऱ्या स्वामींना विचारलं. ते बिचारे म्हणाले, मला बुडापेस्ट माहीत नाही, पण जिथं जाल तिथं शिव आहे. "म्हंजे जायाचं का न्हाय?" अक्कांनी विचारलं. स्वामींनी प्रसादाला हात घातला.

मला यात एक गोष्ट खटकत होती. बोटीच्या सात दिवसांबद्दल अक्कांच्या मनात कसलीच शंका नव्हती. थंडी, जेवण, भाषा, विमान, कशाचीच भीती नव्हती. इंग्रजी तर त्या आमच्या मालकांपेक्षा बरं बोलत. मग या पाच दिवसांत असं काय होतं? मी एकदा सरळ विचारलं. अक्का म्हणाल्या, "तुला न्हाय कळायचं," आणि तीन मिनिटं व्हायच्या आधीच उठून गेल्या. असं कधी झालं नव्हतं.

शेवटी मुंबईहून फॅक्स आला. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देऊ. शनिवारी दुपारी फॉर्म घेऊन मी अक्कांच्या दाराशी गेलो, तर कुलूप. फूलवाली म्हणाली, "चार वाजता अक्का सदर बाजारात असत्यात. रोज. तुला ठावं न्हाय?"

शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं.

तिनं सांगितलेलं घर सापडलं. पुढच्या खोलीत खाटेवर साठीची एक बाई उशांना टेकून बसली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर. शांताक्का तिच्यामागे बसून तिचे केस विंचरत होत्या आणि बोलत होत्या. आमच्या गल्लीचं, दूधवाल्याचं, स्वामींचं, माझ्या मालकांच्या इंग्रजीचं, सगळं सांगत होत्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो. तीन मिनिटं झाली, सहा झाली, दहा झाली. अक्का थांबल्या नाहीत.

मला बघितल्यावर मात्र फणी खाली ठेवून त्या बाहेर आल्या. "हितं कशाला आलास?"

मी फॉर्म दाखवला. त्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या.

आतली बाई म्हणजे निर्मला कांबळे. एक्स्चेंजमध्ये दोघी एकाच वर्षी लागल्या, शेजारी शेजारी बसल्या. कागलकडच्या एका कारखान्यात तेव्हा एक जर्मन इंजिनिअर आला होता. दर शनिवारी तो आपल्या आईला फोन लावायचा, पासाव नावाच्या गावात. लाईन मिळायला दोन-दोन तास लागायचे. तेवढ्या वेळात निर्मलाबाई त्याला विचारायच्या, तुझं गाव कसं आहे? तो म्हणाला, आमच्याकडे तीन नद्या मिळतात. "निमी त्याला म्हणाली, आमच्या कुरुंदवाडला दोन मिळत्यात. तुमची एक जास्त. पन बघायला येऊ." इंजिनिअर गेला, पण त्यानं सांगितलेल्या नदीकाठच्या आणि आसपासच्या गावांची नावं निर्मलाबाईंनी वहीत लिहून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर दोघींनी जायचं, हे तेव्हाच ठरलं.

"आणि?" मी विचारलं.

"आनि काय. गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावजय हाय, सगळं करती बिचारी. पन चार वाजले की ही दाराकडं बघत बसती. एकदा मी तापानं पडलो, दोन दिस आलो न्हाय. भावजय सांगत हुती, दोन दिस जेवली न्हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मी जानार न्हवतो. तिनंच वही काढून माझ्या मांडीवर आपटली. मग मी तिला बोटावर मोजून दावलं, इतकं दिस मी नसनार. जाऊन-येऊन नऊ दिस. तेवढं तिनं मान्य केलं. आता त्यात आनि पाच दिस कुठनं घालू? आनि न्हाय घातलं, तर तिनं लिवलेली दोन गावं बघायची ऱ्हात्यात. प्राग आनि बुडापेस्ट, दोनी वहीत हायत. काठावरनं बघून आलो म्हनून तिला काय सांगू?"

"मग तिलाच विचारा की अक्का."

"तिच्या डोक्याला तरास."

पण दार उघडं होतं आणि निर्मलाबाईंचे कान शाबूत होते. आतून खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. आम्ही आत गेलो. त्यांनी डावा हात पुढं केला आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट केलं. मी फॉर्म आणि पेन दिलं. भावजयीनं खाली पाट धरला. निर्मलाबाईंनी फॉर्म वाचायला बराच वेळ घेतला. मग डाव्या मुठीत पेन धरून 'होय'वर खूण केली. प्रागसमोर एक, बुडापेस्टसमोर एक. दुसरी इतकी जोरात की कागद फाटला.

"तिला कळत न्हाय रं काय लिवलंय ते," अक्का मला म्हणाल्या.

निर्मलाबाईंनी पेन अक्कांच्या अंगावर फेकलं.

अक्कांनी ते उचललं, टोपण लावलं. "बरं बाई," त्या म्हणाल्या. "बरं."

जायच्या आदल्या दिवशी अक्का माझ्याकडे चौदा कागद घेऊन आल्या. प्रत्येकावर वार घातलेला. रोज चार वाजता सदर बाजारात जाऊन त्या दिवसाचा कागद वाचून दाखवायचा, असा हुकूम झाला. मी म्हटलं, अक्का, तुम्ही तिथून फोन का करत नाही? जन्मभर लोकांना फोन जोडून दिलात.

"ती ऐकंल. पन तिला बोलता येनार न्हाय," अक्का म्हणाल्या. "गप्प फोन कानाला धरून मला ऱ्हावायचं न्हाय."

मालकांना सांगून मी रोज दुपारी तासभर सुटी घेऊ लागलो. पहिल्या दिवशी मी लाजत वाचायला सुरुवात केली. "निमे, आज मी प्रागात हाय. हितं एक जुना पूल हाय म्हनं, तो बघायला गेलो असंन. तू दोडक्याची भाजी टाकून दिलीस तर मला कळनार हाय." भावजय तोंडाला पदर लावून हसली. निर्मलाबाईंनी मला हात करून पुन्हा वाचायला लावलं. अक्का तिथं पोचायच्या आधीच सगळं लिहून गेल्या होत्या, त्यामुळं प्रत्येक वाक्यात 'असंन' होतं. पुलावर गेलो असंन. कॉफी प्यालो असंन, आवडली नसंल.

बोटीचे दिवस झाले. शेवटचे तीन दिवस बुडापेस्टचे. भीती होती ती याच दिवसांची. पहिल्या दिवशी निर्मलाबाई सारख्या दाराकडे बघत राहिल्या, मी वाचत होतो तरी. जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी मी काय करावं न सुचून, कागद वाचून झाल्यावर आमच्या ऑफिसातल्या गमती सांगत बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. त्या दिवशी त्या जेवल्या. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा भावजयीनं माझ्यासाठी चहा टाकून ठेवला होता.

अक्का परतल्या, त्या स्टेशनवरून घरी न जाता बॅगेसकट सदर बाजारात. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी मुद्दामच गेलो नाही.

आठवड्यानं फोटो धुऊन आले. अक्कांनी मला स्टुडिओतून आणायला सांगितले होते. स्टुडिओवाला पाकीट देताना म्हणाला, "पावणं, आमी निगेटिव्हवर होतं तसंच काढलंय. ज्यानं फोटो घेतलेत त्याला कॅमेरा धरता येत न्हवता." मी तिथंच उभा राहून बघितले. खरंच होतं. प्रत्येक फोटोत अक्का एका कडेला. लुगडं, वर स्वेटर, पायात बूट, हात जुळवून ताठ उभ्या. आणि उरलेला अर्धा फोटो रिकामा. प्रागच्या पुलाचा रिकामा कठडा, बोटीच्या डेकवरची रिकामी खुर्ची.

सदर बाजारात जाऊन मी पाकीट अक्कांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "कुणाच्या हातात दिला होता कॅमेरा? त्याला काही कळत नव्हतं."

"कळत हुतं," अक्का म्हणाल्या. "सगळी म्हनायची, बाई मधी सरका. लय भांडलो मी तिथं."

त्या खाटेवर बसल्या आणि निर्मलाबाईंसमोर एक फोटो धरला. बुडापेस्टच्या एका बागेतला लांब बाक, बाकाच्या एका टोकाला अक्का. निर्मलाबाईंनी तो डाव्या हातात घेऊन जवळ नेला, पुष्कळ वेळ बघितला. मग मांडीवर ठेवला आणि अक्कांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "तिथंच."

निर्मलाबाईंनी बोट उचललं नाही. अक्का थांबल्या. मग त्यांनी पाकिटातला पुढचा फोटो काढला.