अजिंक्यपदाच्या इतिहासातलं आमचं पान

एका जंगलात, बाळांनो, फुटबॉल आता खेळत कुणीच नव्हतं, पण तो कळत मात्र सगळ्यांना होता. मुंगीला विचारलंत तरी ऑफसाइड समजावून सांगायची. हसू नका. तुमच्या घरी काय वेगळं आहे?

दर चार वर्षांनी साता समुद्रांपलीकडे सगळ्या जंगलांची अजिंक्यपद स्पर्धा भरायची. तिचा इतिहास लिहायचं काम साळिंदरपंतांकडे आलं. का, तर त्यांच्या अंगावर लेखण्या आयत्याच होत्या! आमच्याकडे निवड अशीच होते.

पंतांनी बैठक मारली. पहिला चषक कुणी नेला, जंगलं खरोखरीच एकमेकांच्या उरावर बसली तेव्हा स्पर्धा दोनदा कशी बुडाली, चोरीला गेलेला चषक एका कुत्र्याने कुंपणाखालून कसा हुडकला, सगळं लिहून झालं. तीनशे पानं भरली. राहिलं होतं एकच पान, आपल्या जंगलाचं. तिथे मात्र पंतांचं घोडं अडलं.

आपल्या जंगलाला एकदा आमंत्रण आलं होतं. खरंच आलं होतं. आणि आपण गेलो नव्हतो.

का गेलो नाही, हे पोराटोरांना पाठ होतं. तिकडचे म्हणाले, बूट घाला. आपण म्हणालो, अनवाणीच खेळू, नाहीतर येत नाही! शाळेत त्यावर धडा होता आणि पाच गुणांचा प्रश्नही यायचा.

खरं काय ते पंतांना ठाऊक होतं. निघायच्या दिवशी धक्क्यावरच संघाचा सत्कार ठेवला होता. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं, हत्तींचं अध्यक्षीय भाषण झालं. तोवर गलबत जागेवर होतं. मग तरुण चिटणीस म्हणून आपले पंत आभार मानायला उठले. त्यांनी हार ओवणाऱ्या सुगरणीचे आभार मानले, सतरंज्या घालणाऱ्या अस्वलाचे मानले, अस्वलाला त्या दिवशी कामातून मोकळं सोडणाऱ्या त्याच्या मामांचेही मानले. कुणी अनवधानाने राहिलं असेल तर क्षमा मागितली. मग राहिलेले आठवले, म्हणून त्यांचेही मानले. वळून बघतात तो गलबत पार क्षितिजाला टेकलेलं. श्रोते आणि संघातले खेळाडू कधीच घोरू लागले होते. ते जागे झाले तेव्हा बुटांची गोष्ट पंतांनीच रचून सांगितली.

आता ती स्वतःच्या हाताने इतिहासात घालायची म्हणजे पाप. खरं लिहावं, तर म्हाताऱ्या लांबोजीचं काय? लांबोजी वानर त्या संघाचा गोलरक्षक. संघातला तो एकटाच हयात होता. रोज सकाळी येऊन विचारायचा, आमचं पान झालं का?

शेवटी एका दुपारी ते लांबोजीच्या झाडाखाली गेले आणि सगळं सांगून टाकलं. लाजेने त्यांचे काटेसुद्धा आडवे पडले होते.

लांबोजी शेंगा सोलत होता. सोलतच राहिला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "सगळे झोपले होते, मी जागा होतो. गोलरक्षकाला झोपून कसं चालेल?"

"मग गलबत सुटलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. पण साळ्या, तुझ्या आभारात माझं नाव यायचं होतं अजून."

पंतांनी विचारलं, वाईट नाही वाटलं? लांबोजी म्हणाला, फार वाटलं. दोन पावसाळे चेंडूकडे बघवत नव्हतं. मग तिकडचे निकाल कळले. कुणी पाच गोल खाल्ले होते, कुणी सात.

त्याने एक शेंग पंतांच्या हातावर ठेवली. "त्या स्पर्धेचं आमंत्रण आलेल्या गोलरक्षकांत एकही गोल न खाल्लेला मी एकटा. बूट-बीट राहू दे. तेवढं लिही."

पंतांनी तेवढंच लिहिलं. पुढच्या वर्षी शाळेतला धडा बदलला. प्रश्न आता दहा गुणांना येतो.

तात्पर्य: जो मैदानात उतरतो, तो कधी ना कधी हरतोच. अजिंक्य राहायचं असेल, तर बाळांनो, आभारप्रदर्शन आटोपतं घेऊ नका.