डावखुऱ्या वीराचा चेला

"पुस्तक कसं बांधायचं ते तू मला शिकवू नकोस! तीस वर्षं झाली, आपल्या हातून एक पान सुटलेलं नाही!" बाइंडरबाबांनी दुपारी तीनलाच जाहीर करून टाकलं.

त्यांच्या लेकीनं सहा महिने खपून मँगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, काढली होती. पाचच्या आत ती मासिकाच्या कचेरीत पोचली तरच स्पर्धेत धरणार होते. बाबा भलतेच खुशीत होते, कारण तिचा नायक डावखुरा होता.

"आमच्याकडूनच उचललंत तुम्ही पोरांनी!" डाव्या हातानं दाभण नाचवत ते म्हणाले. "आमच्या लहानपणच्या चित्रकथेतला वीर डाव्या हाताचा एकच ठोसा द्यायचा, की खेळ खलास! तुमचे आजचे सगळे त्याचेच चेले!"

या वीरापायी बाबांनी दहाव्या वर्षी अख्खी सुट्टी उजवा हात चड्डीच्या नाडीला बांधून काढली होती. शाळेत छड्या खाल्ल्या, घरी बोलणी खाल्ली, पण हात बदलला तो कायमचा!

सव्वाचारला पुस्तक तयार झालं. लेकीनं उघडलं आणि किंचाळलीच.

"बाबा! डावीकडून का शिवलंत? मँगा उजवीकडून उघडतात!"

उजवं पान डावीकडे आणि डावं उजवीकडे गेल्यानं जोडपानावरची लढाई तर बघण्यासारखी झाली होती. नायकाची मूठ एका कडेनं पुस्तकाबाहेर चालली होती, आणि दुसऱ्या कडेला खलनायक कुणी हात न लावताच कोसळला होता!

"काहीतरीच! मी जन्मभर डावीकडूनच वाचत आलोय!" बाबांनी पुराव्यादाखल कपाटातून आपल्या वीराचा जीर्ण अंक काढला. तीनदा स्वतःच बांधलेला होता तो.

लेकीनं पानं चाळली. "बाबा, यातला खलनायकही डावखुरा आहे."

"असेल."

"पंचही. वीराची आईसुद्धा."

"गावच डावखुरं असेल!"

"आणि भिंतीवरच्या घड्याळातले आकडे उलटे आहेत."

बाबांनी चष्मा लावला.

"तुम्हाला डावीकडून वाचता यावं म्हणून छापणाऱ्यांनी मूळ जपानी चित्रं आरशासारखी फिरवली, बाबा. तुमचा वीर उजव्या हाताचा होता!"

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "आणि मी एवढ्या छड्या खाल्ल्या?" पडेल आवाजात त्यांनी विचारलं, "मग तुझा नायक डावखुरा कशाला काढलास?"

"मी कुठे तुमचा वीर वाचलाय? लहानपणापासून तुम्हाला शिवताना बघतेय. तो हात तुमचा आहे."

बाबांचे डोळे भरून आले, पण साडेचार वाजले होते! त्यांनी टाके उसवले, उजवीकडून भोकं पाडली आणि डाव्या हातानं असा काही दोरा ओढला, की पाचला दहा कमी असताना लेक पुस्तक घेऊन पळाली.

"घेतलं हो!" ती ओरडतच परत आली. बाबा आरशासमोर उभे राहून डाव्या हातानं ठोसे मारत होते.

"हे बघ," ते म्हणाले, "आरशात उजवाच दिसतो! म्हणजे माझं तसं काही चुकलेलं नाही."