फडकं उन्हात घालणारे गजभिये सर

अमरावतीतले आमचे शेजारी गजभिये सर घरी आले की खुर्चीत बसायच्या आधी आमचा फ्रीज उघडतात. चहा घेणार का, हे विचारेपर्यंत कच्चं मटण खालच्या कप्प्यात आणि शिजलेलं वरच्या कप्प्यात गेलेलं असतं. "फ्रीजमंदी जंतू मरत नाईत, झोपतेत फक्त," ते सांगतात. "बाहेर काढलं का उठले."

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, म्हणून त्यांनी गल्ली धरली. कोणाच्या ओट्यावर ओलं फडकं दिसलं की ते स्वतः उचलून उन्हात घालतात. वर ऐकवतात, "घाण पुसून नाई राहिले तुमी, वाटून राहिले."

आमच्या मुलीच्या साक्षगंधाला तर कहर झाला. अकोल्याहून येणाऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांची गाडी मूर्तिजापूरजवळ बंद पडली. मे महिना, आणि मसालेभात नुकताच उतरवून मोठ्या पितळी गंजात झाकून ठेवलेला. झाकलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही, असं म्हणत सरांनी तो परातींमध्ये पातळ पसरला, पंख्याखाली निववला आणि गल्लीतल्या सगळ्या फ्रीजमध्ये वाटून टाकला. पाहुणे आले तेव्हा तो परत गोळा करून आणला. मुलाचे वडील, आमचे होणारे इवाई, भुकेले ताटावर बसलेले, आणि सर भातातून कडक वाफ निघायची वाट पाहत चुलीपाशी उभे. मला तर मान वर करवेना. जेवण झाल्यावर इवाईंनी भात कोणी केला म्हणून कौतुकानं विचारलं, तर सरांनीच हात वर केला.

मागच्या वर्षी सरांच्या पत्नी लताबाई गेल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन दूर. काही दिवसांनी सर रोज संध्याकाळी वाटीत भाजी घेऊन आमच्याकडे यायला लागले. कधी वांगं, कधी मेथी. माझ्या बायकोपुढे वाटी धरून म्हणायचे, वास घेऊन सांगा वैनी, उतरली का. भाजी चांगली ताजी असायची. मग ती त्यांना जेवायलाच बसवायची.

एकदा तिनं हळूच विचारलं, की नुसत्या वासावरून जंतू कळत नाहीत हे तुम्हीच आम्हाला शिकवलं, मग रोज वास कशाला?

सरांनी वाटी ओट्यावर ठेवली.

"भाजी ताजीच असते, वैनी," ते म्हणाले. "पण करताना तिच्या वाट्याचीबी होऊन जाते. टाकवत नाई, अन् एकट्यानं खाल्ल्या जात नाई."

बायकोनं त्यांचं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं कणीक जरा जास्त मळली आणि सर यायच्या आधीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, आज आमच्या घरी भाजीच नाई केली," ती म्हणाली. "तुमची घेऊन या."